पूर दारात येण्यापूर्वी संदेश हातात यावा

आपत्तीच्या काळात मोबाइलवरील समाजमाध्यमांचा उपयोग : ज्येष्ठांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी

२५ जुलै २०२४ ची पहाट पुणे जिल्ह्यातील नदीकाठच्या कुटुंबांच्या स्मरणातून सहजासहजी जाणार नाही. खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत वाढला आणि सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीच्या इमारतींत पाणी शिरले. पाणी वाढणार असल्याची सूचना आपल्यापर्यंत वेळेवर पोहोचली नाही, अशी तेथील रहिवाशांची तक्रार होती. लोकांना बाहेर काढण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. पिंपरी-चिंचवडमध्येही पवना आणि मुळा या नद्यांच्या काठावरील वस्त्यांतून नागरिकांना सुरक्षित जागी हलवावे लागले. चिंचवडचे मोरया गोसावी मंदिर तर मोठ्या पुरात पवनेच्या पाण्याने वेढले जातेच.

त्या दिवशी संदेशांची उणीव नव्हती. प्रत्येक मोबाइलवर चित्रफिती, विनवण्या, इशारे आणि अफवा यांचा वेगळाच पूर आला होता. उणीव होती ती योग्य संदेश योग्य माणसाच्या हाती योग्य वेळी पडण्याची. पायांत बळ असलेला तरुण अर्ध्या तासाच्या सूचनेवरही घराबाहेर पडू शकतो. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या आजींना किंवा पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना मात्र त्यासाठी कित्येक तासांची उसंत लागते. त्यामुळे वेळेवर आलेला इशारा ही ज्येष्ठांच्या बाबतीत सोय नसून प्राणरक्षणाची बाब आहे.

आपली नदी, आपले धरण

ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांच्यापैकी अनेकांना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय आठवत असेल. धरण फुटल्याची वार्ता तेव्हा कित्येकांना धावत सुटलेल्या माणसांच्या तोंडूनच कळली. आज परिस्थिती पालटली आहे. धरणातून किती पाणी सोडले जात आहे, हे जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन जाहीर करतात आणि ती माहिती काही मिनिटांत मोबाइलवर पोहोचते. मात्र तिचा अर्थ लावता आला, तरच तिचा उपयोग.

पहिली गोष्ट, आपल्या घराजवळून कोणती नदी वाहते आणि तिच्यावर कोणते धरण आहे, हे ठाऊक असावे. पवना धरणाचे पाणी रावेत, थेरगाव, चिंचवड, काळेवाडी, पिंपरी, पिंपळे गुरव या भागांतून वाहत येऊन दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळशी धरणातून सोडलेले पाणी मुळेतून वाकड, पिंपळे निलख, सांगवी आणि दापोडीकडे येते. म्हणजे सांगवी-दापोडीकरांना दोन्ही धरणांकडे लक्ष ठेवावे लागते. देहू, मोशी आणि आळंदी ही गावे इंद्रायणीच्या काठी आहेत, तर चाकण परिसरातील काही गावे भामा नदीच्या आणि भामा-आसखेड धरणाच्या खालच्या अंगाला येतात. खडकवासल्याच्या विसर्गाची बातमी वाचून चिंचवडच्या आजींनी घाबरून जाण्याचे कारण नाही. पवनेच्या विसर्गाची बातमी मात्र त्यांनी दुर्लक्षू नये.

दुसरी गोष्ट, क्युसेक म्हणजे काय. दर सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लिटर पाणी. ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. आकडा एकदा असा डोळ्यांसमोर आला, की ‘विसर्ग वाढविण्यात येत आहे’ या कोरड्या वाक्यामागील गांभीर्य आपोआप उमगते.

तिसरी गोष्ट, हवामान विभागाचे रंग. हिरवा रंग म्हणजे काळजीचे कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर हवामान विभाग त्यास ‘मुसळधार’ म्हणतो आणि २०४.४ मिलिमीटरच्या पुढे गेला, तर ‘अत्यंत मुसळधार’. ज्या घरात चालू न शकणारी व्यक्ती आहे, त्या घराने मात्र लाल रंगाची वाट पाहू नये. त्यांच्यासाठी नारिंगी रंग हाच लाल समजावा.

‘आमच्या वेळी पाणी इथवरच आले होते’

ज्येष्ठांचा अनुभव ही घराची शिदोरी असते. तथापि पुराच्या बाबतीत हाच अनुभव कधीकधी घात करतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली आणि कोल्हापूरला महापुराने वेढले, तेव्हा २००५ च्या पुराची खूण अनेकांच्या मनात पक्की होती. ‘त्या वेळी पाणी आपल्या गल्लीपर्यंत आले नाही, आताही येणार नाही,’ अशा भरवशावर कित्येक कुटुंबे घरातच थांबली. पाणी मात्र जुन्या खुणेच्या वर चढले आणि मग बोटींची वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

पिंपरी-चिंचवडला तर हा धोका अधिक आहे. गेल्या काही दशकांत या नगरीचे रूपच बदलले. जेथे शेते होती तेथे वसाहती उभ्या राहिल्या, जेथे ओढा वाहत होता तेथे रस्ता आला. पावसाचे पाणी मुरण्याची जागा घटली, की ते नदीकडे वेगाने धावते. म्हणून तीस-चाळीस वर्षांपूर्वीची पूररेषा आजच्या पाण्यावर बंधनकारक नाही. प्रशासनाने घर सोडण्याची सूचना दिली असेल, तर आपली आठवण बाजूला ठेवून ती पाळावी. सुनेने किंवा नातवाने आग्रह धरला, तर त्यात ज्येष्ठांचा अवमान नसतो.

सायरनसारखा वाजणारा संदेश

२०२३ मध्ये अनेकांचे मोबाइल एकाएकी भोंग्यासारखे वाजले होते आणि पडद्यावर चाचणी संदेश झळकला होता. कित्येक ज्येष्ठ दचकले, काहींना तो फसवणुकीचा प्रकार वाटला. प्रत्यक्षात ती राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि दूरसंचार विभाग यांनी घेतलेली चाचणी होती. या पद्धतीत मोबाइलच्या मनोऱ्यावरून त्या परिसरातील सर्व फोनवर एकाच वेळी इशारा पाठविला जातो. त्यासाठी आपला क्रमांक कोणाकडे नोंदविलेला असावा लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. असा इशारा आला, तर तो आधी पूर्ण वाचावा किंवा कोणाकडून वाचून घ्यावा. त्यात कोणताही दुवा उघडण्यास किंवा बँकेचा तपशील देण्यास सांगितले जात नाही. तसे सांगितले असेल, तर तो इशारा बनावट समजावा.

फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशाऱ्यांची सोय चालू आहे ना, हे घरातील तरुण मंडळींकडून एकदा पाहून घ्यावे. प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे ॲपही उपलब्ध असून त्यावर आपल्या भागासाठीचे अधिकृत इशारे मिळतात. विजा कडाडत असताना उपयोगी पडणारे ‘दामिनी’ ॲप पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले आहे. ऐकू कमी येत असल्यास फोनची थरथर चालू ठेवावी. मोतीबिंदूमुळे अंधुक दिसत असल्यास अक्षरांचा आकार वाढवून घ्यावा. या कामाला पाच मिनिटे लागतात, परंतु ती पाऊस सुरू होण्यापूर्वी काढलेली बरी.

मदतीची हाक कशी द्यावी

२०१५ मध्ये चेन्नईत आणि २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा समाजमाध्यमांवरील हाकेमुळे असंख्य लोकांपर्यंत मदत पोहोचली. त्याच अनुभवाने एक उणीवही दाखवून दिली. सुटका झालेल्या माणसांचे संदेश पुढेही फिरत राहिले. त्यांवर वेळ नव्हती, तारीख नव्हती. मदत पथके रिकाम्या घरांकडे जात राहिली, तर ज्यांना खरी निकड होती ते थांबून राहिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, प्राणवायू आणि रुग्णशय्यांसाठी फिरणाऱ्या संदेशांतही हेच घडले.

म्हणून पहिली हाक नेहमी दूरध्वनीने, अधिकृत क्रमांकावर द्यावी. समाजमाध्यम हा तिचा पूरक मार्ग आहे, पर्याय नव्हे. संदेश लिहिण्याची वेळ आलीच, तर तो पुढील नमुन्यासारखा असावा :

‘तातडीची मदत हवी. २५ जुलै, सकाळी ६.१०. जुनी सांगवी, अमुक गल्ली, अमुक इमारत, पहिला मजला, खूण : समोर शाळा. दोन ज्येष्ठ, वय ७८ आणि ७२. एकांना चालता येत नाही, उचलून न्यावे लागेल. प्राणवायूचे यंत्र आहे, वीज गेली आहे. पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर. संपर्क : अमुक.’

या नमुन्यात भावनिक आर्जव नाही. परंतु बोट पाठवावी की रुग्णवाहिका, किती माणसे लागतील, स्ट्रेचर हवे की नको, हे सर्व ठरविण्यास आवश्यक ती माहिती आहे. व्हॉट्सॲपवरून आपले ठिकाण पाठविल्यास पत्ता शोधण्याचा वेळ वाचतो. टंकलेखन जमत नसेल, तर हेच मुद्दे ध्वनिमुद्रित करून पाठवावेत. आणि सुटका होताच ‘आम्ही सुरक्षित आहोत, हा संदेश पुढे पाठवू नये’ असे वेळेसह कळवावे. हे शेवटचे वाक्य दुसऱ्या एखाद्या घरातील जीव वाचवू शकते.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘आई-वडील घरी एकटेच आहेत’ हे वाक्य पत्त्यासह सर्वांना दिसेल अशा जागी लिहू नये. ते कुटुंबाच्या, सोसायटीच्या आणि प्रशासनाच्या मर्यादेत ठेवावे. आपत्तीनंतर मदतनिधीच्या नावाने पैसे मागणाऱ्यांचे पेव फुटते. तशी फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

अफवा : पाण्याहून वेगवान

‘धरण फुटले’ हे दोन शब्द पाण्याच्याही आधी गावभर पोहोचतात. त्या धांदलीत जिन्यावरून पडून माकडहाड मोडले, रक्तदाब चढला, छातीत दुखू लागले, तर पुराचे पाणी न येताही आपत्ती आलीच म्हणायची. अफवेचे टोक किती भयानक असू शकते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाहिले. मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून तेथे जमावाने पाच निरपराध माणसांचा बळी घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर मर्यादा आणली.

आलेला संदेश पुढे पाठविण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हे कोणी सांगितले? केव्हा सांगितले? कोणत्या ठिकाणाविषयी सांगितले? आणि महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस किंवा हवामान विभाग यांच्या अधिकृत खात्यावर ते आहे का? संदेशावर दुहेरी बाण दिसत असेल, तर तो अनेक हातांतून फिरून आला आहे असे समजावे. जुन्या पुराची चित्रफीत नवी म्हणून फिरविणे हा तर दर पावसाळ्यातील प्रकार आहे. खात्री नसेल, तर संदेश आपल्यापाशीच थांबवावा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीविषयी खोटी घबराट पसरविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो.

सकाळी शुभेच्छांचे शंभर संदेश ज्या गटावर येतात, त्या गटावर इशारा हरवून जातो. म्हणून सोसायटीने आपत्तीसाठी वेगळा गट करावा आणि त्यावर केवळ दोन-तीन जबाबदार सदस्यांनाच लिहिता येईल अशी योजना करावी. त्या गटावर फुले, सुविचार आणि राजकारण यांना प्रवेश नसावा. गट शांत असेल, तरच तो वाजल्यावर लोक दखल घेतील.

मुले पाळीवर, आई-वडील घरी

या पट्ट्याची एक वेगळी अडचण आहे. भोसरी, आकुर्डी, चाकण, तळेगाव येथील कारखाने तीन पाळ्यांत चालतात. अनेक ठिकाणी यंत्रावर काम करताना मोबाइल जवळ बाळगता येत नाही. पावसात तळेगाव-चाकण रस्ता किंवा नाशिक रस्ता तुंबला, की मुलगा घरापासून अवघ्या काही किलोमीटरवर असूनही कित्येक तास पोहोचू शकत नाही. काहींची मुले तर परदेशी असतात. तेथून ती आई-वडिलांना सतत दूरध्वनी करतात आणि नेमक्या निकडीच्या वेळी फोनची बॅटरी संपते.

यावर उपाय म्हणजे साखळी. प्रत्येक ज्येष्ठासाठी तीन नावे ठरवावीत : एक शेजारी, एक त्याच भागात राहणारा नातेवाईक आणि एक दूरगावचा आप्त. शेजाऱ्याने दार ठोठावून प्रत्यक्ष पाहावे, नातेवाइकाने घेऊन जाण्याची सोय करावी आणि दूरच्या आप्ताने इतरांना कळविण्याचे काम करावे. म्हणजे आई-वडिलांना दहा जणांना तेच ते सांगत बसावे लागणार नाही. मुलाने आपल्या पाळीच्या पर्यवेक्षकाचा किंवा कारखान्याच्या सुरक्षा विभागाचा क्रमांक घरी लिहून ठेवावा. नेटवर्कवर ताण आला, की आवाजी संभाषण तुटते, परंतु साधा एसएमएस पुष्कळदा पोहोचतो, हेही ध्यानात असावे.

आणि मोबाइल पूर्णतः बंद पडला तर? ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. ही वार्ता जगाला कळली, ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही तेव्हा. कोणतेही ॲप माणसाच्या नजरेची जागा घेऊ शकत नाही, हा त्या घटनेचा धडा आहे. म्हणून प्रत्येक मजल्यावरील ज्येष्ठ, आजारी आणि अपंग व्यक्तींची यादी सोसायटीने कागदावर लिहून ठेवावी. वीज गेली, की उद्वाहन थांबते आणि पाण्याचा पंपही बंद पडतो. आठव्या मजल्यावरील आजींना पुराचा स्पर्श झाला नाही, तरी त्या पुरात अडकलेल्याच असतात.

औषधांची पिशवी आणि कागदाचा तुकडा

पावसाळाभर दाराजवळ एक जलरोधक पिशवी तयार असावी. तीत किमान सात दिवसांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, चष्मा, श्रवणयंत्राचे सेल, कवळीची डबी, विजेरी, पॉवर बँक आणि थोडी रोख रक्कम ठेवावी. औषधांच्या चिठ्ठीचे छायाचित्र कुटुंबाच्या गटावर ठेवल्यास निवारा केंद्रातील डॉक्टरांनाही ते दाखविता येते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेल्यास ते किती दिवस बाहेर टिकेल, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. डायलिसिसवर असलेल्यांनी रस्ता बंद झाल्यास पर्यायी केंद्र कोणते, हे ठरवून ठेवावे. प्राणवायूचे विजेवर चालणारे यंत्र असल्यास एक भरलेला सिलिंडर जवळ हवा. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या खिशात नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये ठेवावा.

पाण्यात उतरण्यापूर्वी घरातील वीजपुरवठा मुख्य बटणापासून बंद करावा, मात्र उभे असलेली जागा कोरडी असेल तरच. २५ जुलै २०२४ लाच पुण्यात डेक्कन परिसरातील पुलाची वाडी येथे विजेच्या धक्क्याने तीन तरुणांचा मृत्यू झाला होता. पुराच्या पाण्यातून चालावे लागल्यानंतर काही दिवसांत ताप आला, तर तो अंगावर काढू नये. डॉक्टरांना पाण्याशी संपर्क आल्याचे अवश्य सांगावे.

पडद्यापासून थोडे दूर

घरात सुरक्षित बसून दिवसभर पुराच्या चित्रफिती पाहत राहणे हेही प्रकृतीला बाधक ठरते. २०१३ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात स्फोट झाल्यानंतर तेथील संशोधकांनी केलेल्या पाहणीत असे आढळले, की दिवसाला सहा किंवा अधिक तास त्या घटनेची दृश्ये पाहणाऱ्यांना प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांहूनही अधिक मानसिक ताण जाणवला. वार्ता घ्यावी ती ठरावीक वेळी, अधिकृत स्रोताकडून. लाल इशारा असेल, तर तासातासाने. अन्यथा सकाळ-संध्याकाळ पुरे. झोप उडणे, धडधड, एकच दृश्य पुनःपुन्हा आठवणे असे काही होत असल्यास ते मनात दाबून न ठेवता घरच्यांशी बोलावे. एकाकी ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत

सर्व प्रकारच्या आपत्कालीन मदतीसाठी : ११२
रुग्णवाहिका : १०८
अग्निशमन : १०१
जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष : १०७७
पिंपरी-चिंचवड महापालिकेची ‘सारथी’ मदतवाहिनी : ८८८८००६६६६

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आपल्याच मावळ तालुक्यात, सुदुंबरे येथे आहे. मदत दूर नाही. तिला आपले घर सापडावे, एवढी तजवीज आपण करावयाची आहे. येत्या रविवारी घरातील सर्वांनी अर्धा तास एकत्र बसावे. आजींच्या फोनवरील अक्षरे मोठी करावीत, तीन नावांची साखळी ठरवावी, नमुन्याचा संदेश आपल्या पत्त्यासह लिहून जतन करावा आणि तो एकदा एकमेकांना पाठवून पाहावा. नातवंडांनी शिकवावे, आजी-आजोबांनी न संकोचता पुनःपुन्हा विचारावे. पवनेला पाणी चढेल तेव्हा शिकायला वेळ नसतो. तो आज आहे.